दादाचा बिडाचा टब

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला माझ्या घरी उन्हात बसून संत्री सोलत होते. “बाई, हे टबात बसून हायेत अन् उठून नाही राहिले,” एवढंच ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, नुसती तक्रार होती... ताट वाढलंय आणि माणूस पानावर येत नाही, म्हणून करावी तशी. मी सौसरला पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी दादाला नुकतंच बाहेर काढून चटईवर निजवलं होतं. मी पायांना हात लावला आणि चटकन मागे घेतला. पाय गरम होते. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय, ही ऊब पाण्याची आहे. वहिनीनं ते ऐकलं, पण मानलं नाही. थंडीतली ती दुपार सरून आता काही आठवडे झाले, ती अजूनही मानत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नगरपालिकेत आयुष्यभर कारकुनी केली, कोणाशी भांडला नाही, कशाची हौस केली नाही. आणि सेवानिवृत्त झाल्यावर या बाबानं काय आणावं, तर साहेबी टब. मँगनीजच्या खाणीवरचा जुना बंगला पाडत होते, तिथून त्यानं तो उचलला. आमचे बाबा एकेकाळी त्याच बंगल्यावर पाणी भरत. घागरी मागच्या दाराशी ठेवायच्या आणि मागे सरकायचं. आत ते पाणी कशात ओततात, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. दादानं आम्हाला हे कारण कधी सांगितलं नाही. पण टब घरी आला त्या दिवशी तो काठावरून हात फिरवत नुसता उभा होता, तेव्हा मला कळलं.

टबाचं कौतुक करायचं तर खूप आहे. बिडाचा, आतून पांढरा, चार वाकड्या पायांवर उभा. गळ्यापर्यंत पाणी येतं, गुडघ्याचं दुखणं विसरायला होतं, आणि बीड एकदा तापलं की ऊब लवकर सोडत नाही. पण घरात असली वस्तू ठेवणं म्हणजे हत्ती बांधणं. त्याच्या वजनानं न्हाणीची फरशी तडकली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तो अर्धा नळ टबच पिऊन टाकी. बसताना पाठ गार लोखंडाला टेकली की दादाच्या तोंडून शीळ निघे, आणि उठताना धरायला काही नाही. पहिल्या हिवाळ्यात तर वहिनीनं कहर केला. टबाला पाय आहेत म्हणजे खाली लाकडं घालायलाच दिलेत, असं समजून तिनं हंड्याखाली लावावा तसा जाळ लावला. आतला पांढरा मुलामा तडतडून फुटला. दादा हसला, आणि मग जाळाऐवजी निखाऱ्यांचं घमेलं खाली सरकवायचं, असं ठरलं. ते काम वहिनीचं. ती स्वतः मात्र टबात कधी बसली नाही. “मढ्यावानी पडून काहून आंग धुतेत जी?” असं तिचं म्हणणं.

त्या दुपारीही तिनं निखारे सरकवले. हे तिनं मला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर सांगितलं, माणसं पांगल्यावर, भांडी घासता घासता. “दोनदा घमेलं सरकवलं. पाणी गार होऊन राहिलं होतं ना. मी बोलत होती त्याईच्याशी, बोरगावच्या लग्नाचं. मले वाटलं, डोळा लागला. आंग गरम होतं बाई... तुमी लोकाईनं घाई केली.” गेलेल्या माणसाला ती ऊब देत बसली होती आणि त्या उबेनंच तिला फसवलं.

नंतर शेजारीण सांगू लागली की न्हाणीतून रोज संध्याकाळी बोलणं ऐकू येतं. वहिनी टब भरते, खाली निखारे ठेवते आणि स्टुलावर बसून राहते. आम्ही बौद्ध; आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, भूतबाधा तर नाहीच. लहानपणापासून आम्ही ते सगळं हसण्यावारी नेलेलं. त्यामुळे घरात कोणी मागे राहिलंच, तर त्याच्याशी वागायची रीतही आम्हाला ठाऊक नाही. दादाच्या पुण्याच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, सरळ मार्ग काढला. नागपूरचा एक माणूस हॉटेलासाठी टब घ्यायला तयार झाला. टब गेला की आई आपसूक पुण्याला येईल, असा त्याचा हिशोब. वहिनीला समजावून टब देऊन टाकायचं काम माझ्याकडे आलं. मलाही ते पटलं होतं. एकट्या बाईनं असं किती दिवस झुरायचं?

गेल्या रविवारी मी गेले. दार उघडंच होतं, दिवस कलला होता. न्हाणीतून वाफ येत होती. पडदा सारला आणि तिथंच थबकले. वहिनी टबात बसली होती. नेसत्या लुगड्यानिशी, नळाच्या बाजूला अगदी कोपऱ्यात, गुडघे छातीशी घट्ट धरून. एवढा लांबलचक टब, तीन हिस्से रिकामा. चेहरा मात्र कधी नव्हे इतका निवांत होता.

“वहिनी, अशा अवघडून काय बसलात? पाय तरी पसरा.”

“पसरू कुठं?” ती हळू आवाजात म्हणाली. “त्याईचे पाय लागून राहिले ना.”

मी पाण्याकडे पाहिलं. तिच्या बाजूचं पाणी थिजल्यासारखं होतं. पलीकडच्या टोकाला ते हळूहळू काठाला लागत होतं आणि मागे जात होतं, लागत होतं आणि मागे जात होतं... निजलेल्या माणसाचं पोट हलावं तसं. नळ बंद होता. मी भ्याले, हे कबूल करते. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. नागपूरचा माणूस आला होता. काय बोलायचं ते मी घरून ठरवून निघाले होते, त्यातलं काहीच आठवेना. मी टबाजवळ गुडघ्यांवर बसले आणि भिंतीकडच्या त्या रिकाम्या टोकाला म्हटलं, “दादा, जरा सरक. वहिनीला जागा दे.”

पाणी थांबलं. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश, चाचपत, दोन्ही पाय लांब केले.

टेम्पोवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं.