एकशेवीस-ऐंशी

नर्सकडे किस्से कसे साठतात? कपाटात सॅम्पलच्या गोळ्या साठतात तसे. मागितलेल्या नसतात, टाकवतही नाहीत, आणि एक्स्पायरी उलटून गेलेली कळतसुद्धा नाही. लग्नाकार्यात पाहुणे हमखास म्हणतात, "साळवे सिस्टर, सांगा ना एखादा हॉस्पिटलचा किस्सा!" मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मला स्वतःला हसू यायचं कधीच बंद झालंय, पण तोंडाला सवय आहे, ते चालूच राहतं.

नगरहून नागापूरच्या एमआयडीसीकडे जाताना तीस खाटांचं एक खाजगी हॉस्पिटल आहे. नाव विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायचीय. डॉक्टर मालक एकच, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. पेशंट निम्मे कारखान्यांतले, निम्मे पारनेरकडचे शेतकरी. आणि या सगळ्यांना पुरून उरणारी आमची हिरामावशी.

हिरामावशी पाथर्डीकडची. नवरा होता तोवर दरवर्षी ऊसतोडीला जायची. तो गेल्यावर कोयता ठेवला आणि आमच्याकडे कंत्राटावर साफसफाईला लागली. त्याला पंधरा वर्षं झाली. तिची सोनाली नर्सिंगला आहे, कोर्स अजून संपायचाय. मावशीचं एकच म्हणणं असायचं, "सोनीच्या डोक्यावर कॅप येस्तोर मला हितून हलायचं न्हाई." आता कंत्राटदाराची एक पद्धत आहे. दरवर्षी सगळ्या बायकांची फिटनेस तपासणी. अनफिट शेरा आला की दुसऱ्या दिवशी त्या जागी नवी बाई. गेल्या साली शुगर निघाली म्हणून एकीला असंच घरी बसवलं. बिचारीला दवाखान्यात काम करून आजारी पडायची परवानगी नव्हती!

*

पारनेरकडचे एक आबा होते. शुगरवाले. "सकाळी उपाशीपोटी या," सर सांगायचे आणि आबा पहिल्या एसटीने हजर. शुगर मात्र दर वेळी अडीचशेच्या पुढं. सर विचारायचे, "काही खाल्लं का?" आबा देवाची शपथ घेऊन नाही म्हणायचे. सरांनी दोनदा डोस वाढवला. तिसऱ्या महिन्यात शुगर एकदम उतरून आबा भर बाजारात घाम फुटून खाली बसले.

त्यांना आमच्याकडे आणलं, सलाईन लावलं. मावशी फरशी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "आबा, मागल्या तपासनीला सकाळी उठल्यापासून काय काय केलं, तेवढं सांगा."

"उठलो, तोंड धुतलं, दोन कप गुळाचा च्या घेतला, आन् तसाच उपाशी निघालो!"

आमच्या जिल्ह्यात चहा पोटात धरतच नाहीत हो. एकादशीचा उपास करणारासुद्धा चार कप पिऊन कडकडीत उपाशी असतो. हे सरांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ते इथलेच आहेत. पण त्यांनी "खाल्लं का" विचारलं, आबांनी "न्हाई" सांगितलं, दोघंही खरं बोलले. सरांनी आबांनाच झापलं, "खोटं बोलता तुम्ही लोक!" आणि मावशीला म्हणाले, "पेशंटशी गप्पा मारू नका, फरशी ओली राहिलीय."

*

हर्नियाच्या एका पेशंटचं सकाळी ऑपरेशन होतं. खाटेला पाटी लटकवलेली, इंग्रजीत मोठ्ठी तीन अक्षरं: एन बी एम. म्हणजे तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. भूल देताना उलटी होऊन फुप्फुसात गेली तर माणूस जातो. आणि पेशंटच्या बायकोने काय केलं? नवरा घाबरलाय म्हणून प्रेमाने दोन केळी सोलून भरवली!

सर त्या बाईवर जे सुटले! "एवढी मोठी पाटी दिसत नाही? ऑपरेशन कॅन्सल!" बाई नुसती पदर धरून उभी. तेवढ्यात मागून मावशी बोलली, "सर, पाटी इंग्रजीत हाय. केळं मराठीत हुतं."

सगळा वॉर्ड हसला. सरसुद्धा हसले. पुढं डॉक्टरांच्या कुठल्याशा कार्यक्रमात त्यांनी हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या, असं ऐकलं.

मावशीने मग सोनालीकडून पुठ्ठ्यावर लिहून आणलं, "याला खायाला प्यायाला देऊ नका. दिलं तर मरंल." ती पाटी तीन महिने होती. तीन महिन्यांत एकाच्याही पोटात शिताचा कण सापडला नाही. मग कुणीतरी श्रीमंत नातेवाईक म्हणाले की पाटी अशुभ वाटते. सरांनी ती काढायला लावली, आणि केळी पुन्हा सुरू झाली.

*

आता आमच्या चार्टचं सांगते. इथं मी स्वतः आहे, तेव्हा स्वतःला सोडून बोलणार नाही.

दर चार तासांनी प्रत्येक पेशंटची नाडी, ताप, श्वास, बीपी मोजून चार्टवर लिहायचं, असा नियम. एका पाळीला सिस्टर दोन, पेशंट तीस. सलाईन, इंजेक्शनं, ड्रेसिंग, डिस्चार्जचे कागद, वर नातेवाइकांचे फोन. मोजायचं कधी? म्हणून आम्ही जे जास्त आजारी दिसतात त्यांचं मोजायचो आणि बाकीच्यांचं लिहायचो. नाडी बहात्तर, श्वास अठरा, बीपी एकशेवीस-ऐंशी. हात इतका बसलेला की दुपारी दोनचे आकडे मी अकरालाच भरून टाकायची. सगळ्या नव्या मुलींना हे मीच शिकवलं.

कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सापडलेला एक कामगार आला होता. दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. आणि चार्टवर सहा दिवस, दिवसातून सहा वेळा, उजव्या हाताचं बीपी, एकशेवीस-ऐंशी! पायावरही मोजता येतं म्हणा, पण मोजलं कुणी?

नेमके तेव्हाच दर्जाचं सर्टिफिकेट देणारे दोन साहेब तपासणीला आले. त्याच खाटेपाशी थांबले. एकाने चार्ट हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि सरांना म्हणाला, "अक्षर किती सुंदर आहे हो! सगळ्यांना हे दाखवा."

चहाच्या वेळी मावशी माझ्याशेजारी बसली. "सिस्टर, त्याचे दोनी हात पिलास्टरमधी. मंग पट्टा कुटं बांदला?"

मी म्हटलं, "गप्प बस, मावशी."

पण तिने बघून ठेवलं होतं.

*

एकदा एक बाई टाके काढून गेल्यावर दोन महिन्यांनी आली. तिशीचीसुद्धा नसेल. मला बाजूला घेऊन विचारते, "सिस्टर, गाठ काढल्यापास्नं पाळी आली न्हाई. कवा येईल?"

मी फाइल काढली. गर्भपिशवी काढलेली. 'पेशंटला सर्व समजावून सांगितले' असा इंग्रजीत शिक्का. खाली नवऱ्याची सही. समजावलं होतं, नाही कसं! नवऱ्याला समजावलं होतं, पाच मिनिटं, इंग्रजी मराठी मिसळून. तिला कुणी विचारलंच नाही.

मी फाइल मिटली. सांगितलं मावशीने. तिला पायरीवर बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता न्हाई येनार, बाय. पिशवीच काढली तुजी. माजी बी अशीच काढली हुती, पाळीपायी तोडीला खाडं नको म्हनून." बाई रडली, मग मावशीही रडली, आणि सर केबिनमधून म्हणाले, "कॉरिडॉरमध्ये गर्दी करू नका."

*

गेल्या श्रावणात फिटनेसची वेळ आली. सर सह्या करायचे, मोजायचं काम माझं. मावशीचं डोकं त्याआधी महिनाभर दुखत होतं. कपाळाला ओलं फडकं बांधून काम करायची. मी पट्टा घेऊन गेले तर हात पदरात!

"मोजू नका, सिस्टर."

"अगं, मोजल्याशिवाय कसं?"

"बाकीच्यांचं लिवता तसं."

मी जबरदस्तीने हात ओढून मोजलं. एकशेनव्वद आणि एकशेदहा. तिने आकडा विचारलासुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघून समजली. "दीड वरीस," एवढंच म्हणाली, "सोनीचं दीड वरीस राह्यलंय. तुमाला माज्या लेकराची आन हाय."

मी लिहिलं. एकशेवीस-ऐंशी. सुंदर अक्षरात. सरांनी न बघता सही ठोकली, फिट!

कपाटातल्या सॅम्पलच्या गोळ्या मी तिला दिल्या. रोज एक, चुकवायची नाही म्हणून बजावलं. ही तीच बाई, जी वॉर्डात सगळ्यांना सांगत फिरायची, "बरं वाटलं म्हनून गोळी बंद करू नका, बीपी परत चढतं!" आणि हिने दहा दिवसांत बंद केली. का, तर डोकं दुखायचं थांबलं. शिवाय सुपरवायझरने पिशवीत गोळ्यांचं पाकीट बघितलं तर? मी रागावले. मग कामात विसरले. खरंच विसरले, बाकी सबब नाही माझ्याकडे.

*

दिवाळीच्या सुट्टीत सोनाली आली, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात स्वतःचं बीपीचं मशीन. सगळा वॉर्ड तिने पालथा घातला. पेशंट, नातेवाईक, वॉचमन, माझंसुद्धा मोजलं. फक्त एक हात तिला मिळाला नाही.

"आये, दे की हात!"

"माज्यावर शिकू नको. कामं पडल्यात."

पोरगी हिरमुसली. मग सहज म्हणून तिने चार्ट चाळले. चाळता चाळता थांबली. "सिस्टर, आमच्या मॅडम सांगतात, आकडा मोजायचा असतो, अंदाजाने लिहायचा नसतो. पण इथं सगळ्यांचं सेम कसं काय हो?"

मी म्हणाले, "आमच्याकडचे पेशंट फार निरोगी असतात, बाळा."

ती हसली. तिला विनोद वाटला. लांबून मावशी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

*

परवा सकाळी दहाला राउंड चालू होता. बाथरूमकडून बादली पडल्याचा आवाज आला. धावत गेलो तर हिरामावशी ओल्या फरशीवर आडवी. डावा हात, डावा पाय लुळा. तोंड वाकडं. आम्ही चौघांनी उचलून सहा नंबरच्या खाटेवर घातली. त्या खाटेची चादर तिनेच तासापूर्वी बदलली होती.

सरांनी डोळ्यांत टॉर्च मारला. "नाव सांगा, मावशी." जड जिभेने सांगितलं. "कुठं आहात?" तेही सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "हिला आधीपासून बीपी होतं का?"

मी काही बोलायच्या आत ऑफिसातल्या मुलीने फाइल आणून दिली. सरांनी फिटनेसचा कागद काढला. "श्रावणात तर नॉर्मल होतं. तुमचंच अक्षर आहे, सिस्टर. मोजलं होतं ना नीट?"

"मोजलं होतं, सर."

मी पट्टा बांधायला घेतला. या खेपेला तिने हात पदरात घेतला नाही. पारा पार वर चढवला, मग हळूहळू उतरवत आणला. दोनशेवीसला पहिला ठोका ऐकू आला. खालचा आकडा एकशेतीस.

दारात कंत्राटदाराचा सुपरवायझर येऊन उभा होता. मावशीने मान वळवून त्याला बघितलं. मग चांगल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं, मला जवळ ओढलं, आणि वाकड्या तोंडातून एकेक अक्षर ढकलत म्हणाली, "एकशे… वीस… ऐंशी."

सर नवा चार्ट पुढं सरकवत म्हणाले, "काय बडबडतेय ती?"

"काही नाही, सर," मी म्हणाले. "बीपी सांगतेय."