डोळे आखायच्या आधी

ती घटना आठवली की आरोपीच्या आधी मला डोळे नसलेले गणपती दिसतात. पांढरेशुभ्र, ओळीने बसलेले, कुणाकडेच न बघणारे.

मी तेव्हा रोह्याला फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याची परीक्षा देऊन वर आलेला. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. एक द्यायचं, एक घ्यायचं, याच हिशेबाने मी गुन्हे उघडकीस आणले.

धाटावच्या एका कंपनीतून तांब्याच्या केबलची भेंडोळी चोरीला गेली. कुलूप शाबूत होतं, म्हणून संशय वॉचमनवर आला. कासूचा माणूस, घरची थोडी भातशेती. कंपनीने त्याला काढलं आणि गावाने चोर ठरवलं. चौकशीत मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "झोपलो व्हतो, साहेब. त्ये खरं हाय. चोरी नाय केली." ज्याला खोटं बोलायचं असतं तो आपली झोप आधी कबूल करत नाही. मी त्याला घरी पाठवला. आमच्या वरिष्ठांना ते पटलं नाही. त्यांनी बजावलं, सोमवारपर्यंत दुसरा कोणी आण, नाहीतर त्यालाच अटक दाखव.

खबर पेणहून आली. माझा एक खबरी तिथे रिक्षा चालवायचा. त्याने सांगितलं, की एका गणपतीच्या कारखान्यात दर रविवारी पावडरची, म्हणजे गर्दची नशा सोडलेली माणसं जमतात, आणि धाटावचा एकजण तिथे कुठल्याशा वॉचमनचं नाव काढून रडला. तो कोण, हे खबऱ्याला माहीत नव्हतं.

पेण माझ्या हद्दीत नव्हतं. साध्या कपड्यांत गेलो. बैठक चालवणारा गृहस्थ त्याच कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. एकेकाळी हाच माणूस पावडर ओढायचा, तिच्यापायी एक केसही त्याच्या अंगावर होती, असं खबरी म्हणाला होता. आता तो ब्रशच्या टोकाने बुबुळ भरत होता. मी बोलायला लागलो तर डोळा पुरा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मला संताप आला, पण थांबलो.

मग सौदा मांडला. नाव सांग, तुझ्या जुन्या केसमध्ये माझ्याकडून मदत होईल. तो हसला.

"साहेब, इथं ऐकलेलं इथंच राहतं. नाव मी देणार नाय. मी दिलं तर उद्या इथं कोण तोंड उघडेल?"

मी दरडावलं. भाव वाढवला, कमी केला. शेवटी तोच म्हणाला, "रविवारी बाहेरच्यांना बसता येतं. या. पण पोलीस म्हणून नको."

रविवारी संध्याकाळी गेलो. प्लॅस्टिकच्या पडद्यांतून पिवळा उजेड गाळून यावा तसा येत होता. हवेत प्लॅस्टरची धूळ तरंगत होती. आखणी न झालेल्या मूर्तींच्या मध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या. एकेकजण नाव सांगायचा, आडनाव नाही, आणि "मी व्यसनी आहे" म्हणायचा. मग बोलायचा. मध्ये कुणी प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. संपलं की सगळे फक्त आभार मानायचे. आयुष्यभर प्रश्न विचारून जगलेल्या मला ते सगळं पाण्याखाली ऐकल्यासारखं वाटत होतं. एकाने सांगितलं, व्यसन सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी एक म्हणते, ज्यांचं नुकसान केलं त्यांची शक्य तिथे भरपाई करा. या पायरीवर तो वर्षभर अडकला होता.

माझी पाळी आली. खुर्ची सोडून जाता आलं असतं. मी नाव सांगितलं, पोलीस आहे हेही सांगितलं. कुणी उठलं नाही. मग म्हणालो, कासूला एक माणूस आहे. संध्याकाळी गाडीच्या वेळी फलाटावर जाऊन बसतो. शिफ्ट सुटलेले ओळखीचे लोक उतरतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. उद्या मला त्याला अटक करावी लागेल.

एवढंच. कुणाच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. सगळ्यांनी माझे आभार मानले.

सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या दारात दोघं उभे दिसले. डोळे आखणारा आणि त्याच्या मागे धाटावचा एक कामगार.

कामगार पुढे आला. "साहेब, चोरी मी केली. वॉचमनकाका झोपलेले, त्यांच्या उशाची चावी घेतली." मग टेबलावरच्या डायरीकडे बोट करून म्हणाला, "आज मी शुद्धीत हाय. उद्याचं सांगता येत नाय. आजच लिहून घ्या."

बदल्यात त्याने काहीच मागितलं नाही. मला घासाघीस करायला जागाच ठेवली नाही. मी तिथल्या तिथे स्टेशन डायरीत नोंद केली: स्वतःहून हजर. पंचांसमक्ष त्याने भंगारवाला दाखवला, तांबं मिळालं.

दुपारी वरिष्ठ आले. त्यांना वर्तमानपत्रासाठी "सापळा रचून शिताफीने अटक" हवं होतं. मी भडकलो. मग दार लावून सौदा केला: फोटो तुमचा, पदकाची शिफारस तुमची, माझं नाव कुठेही नको. पण कागदोपत्री तो स्वतःहून आला, हेच राहील. ते तयार झाले. पुढे न्यायालयाने शिक्षा देताना त्याचं हजर होणं विचारात घेतलं. वॉचमन कामावर परतला. वरिष्ठांना पदक मिळालं. मी फौजदार म्हणूनच निवृत्त झालो.

लोक म्हणतात, पदक दुसऱ्याला गेलं, झालं ते सोडा. मी सोडलेलं नाही. या केसने मला शिकवलं, की काही माणसं द्यायचं ते देऊन टाकतात, घेण्यासाठी हात पुढे करत नाहीत. मला ते अजून जमत नाही.

कधी रविवारी रोह्याहून गाडी धरतो, पेणला उतरतो. मूर्ती पांढऱ्याच असतात. ठाण्यात आलेला तो कामगार आता खुर्च्या मांडतो. माझी पाळी आली की मी नाव सांगतो आणि म्हणतो, माझा राग गेलेला नाही.

कुणी सल्ला देत नाही. सगळे आभार मानतात, आणि पुढचा बोलायला लागतो.