गायकवाड सरांचं फ्लोएम

डिपार्टमेंटच्या कपाटात जुनी जर्नल्स साठतात तसेच किस्सेही साठत जातात. जर्नल्स निदान रद्दीवाला नेतो, किस्से कुणी नेत नाही! आमच्या बॉटनीतले निम्मे किस्से तर एकाच धड्यातून निघालेत. फ्लोएम. म्हणजे पानात तयार झालेली साखर झाडभर पोचवणाऱ्या बारीक नळ्या. हा धडा आमचे हेड गायकवाड सर शिकवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

*

तोंडी परीक्षेला बाहेरून एक कडक परीक्षक आले होते. समोर फुलंब्रीहून रोज बसनं येणारा गणेश.

"पानातली साखर मुळाकडं कशी जाते?"

"उतार हाय ना, सर!"

"बरं. आणि वर शेंड्याच्या फळाकडं?"

गणेशनं छताकडं बघितलं. "तिथं मोटर बसवली असंल."

परीक्षकांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. गायकवाड सर मात्र खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, साखर नळीत भरायला झाड खरंच ऊर्जा लावतं, पंप चालवतं! पोरगा बरोबर बोलला. मार्क द्या!"

"आणि त्या उताराचं काय?"

"उताराचे कापा!"

*

साखर बनवणारं पान म्हणजे सोर्स, ती घेणारं मूळ, फळ, बटाटा म्हणजे सिंक. सरांनी हे सांगितलं आणि छावणी भागात राहणारी रेश्मा पटकन बोलली, "सर, आमच्या घरी मम्मी सोर्स अन् दादा सिंक."

"अन् तू गं?"

"मी फ्लोएम! दादाचा डबा दुकानावर रोज मीच पोचवते."

वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "मग दादाला सांग, फ्लोएम बंद पडलं की सिंक उपाशी राहतं."

दुसऱ्या दिवशी रेश्मा दारातूनच ओरडली, "सांगितलं, सर! आता डबा त्योच नेतो!"

*

आमच्या शकीला मॅडम स्कूटी झाडाखाली लावायच्या. एक दिवस बघतात तर सीट चिकट, हँडल चिकट, आणि मुंग्यांची रांग लागलेली.

सर धावतच आले. वर पानांवर मावा बसला होता. "मॅडम, हे किडे थेट फ्लोएममध्ये सोंड खुपसतात. आत इतका दाब असतो की रस आपोआप तोंडात येतो. जास्तीची साखर मागून खाली टपकते. किती सुंदर आहे ना!"

मॅडमनी ओढणी सावरली. "सुंदर है सर. पण तुमचं फ्लोएम मेरी सीट पे कायको?"

*

एकदा सरांनी बागेतल्या पेरूच्या फांदीची साल बांगडीसारखी गोल काढली. फ्लोएम सालीतच असतं. त्यामुळं पुढच्या पानांची साखर मुळाकडं उतरत नाही, तिथल्याच पेरूंना मिळते. पेरू चांगले टपोरे झाले. सर रोज टेप घेऊन जायचे.

सोमवारी सगळा वर्ग घेऊन गेले, तर फांदीला नुसते देठ! शेजारच्या फांदीचेही पेरू गायब.

कुणी कबूल होईना. सरांनी देठ मोजले. मग अगदी हळू विचारलं, "बरं, निदान गोड होते का?"

मागून आवाज आला, "लई गोड, सर! दुसऱ्या फांदीचे पाणचट निघाले."

"लिहा," सर म्हणाले, "निष्कर्ष."

*

गेटजवळच्या आंब्याच्या बुंध्याची साल कुणीतरी गोल सोलून टाकली होती. वर पानं हिरवीगार, म्हणून आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. सरांनी बघितलं आणि ते बुंध्यापाशी उकिडवे बसले. "वरचं जेवण खाली पोचणार नाही आता. मुळं उपाशी मरतील."

मग सरांनी त्याच आंब्याच्या काड्या कापल्या. एक टोक जखमेच्या वरच्या सालीत बसवलं, दुसरं खालच्या, म्हणजे काड्यांतूनच साखर खाली उतरेल. वरून मेण लावून घट्ट बांधलं. गणेशनं काड्या धरल्या, शकीला मॅडमनी आपली ओढणी फाडून पट्ट्या दिल्या. सर घामानं निथळत होते, मधे मधे छाती धरून थांबत होते. डॉक्टरांनी त्यांना बायपास सांगून कितीतरी दिवस झाले होते. सर म्हणायचे, "सुट्ट्या लागू द्या, मग बघू."

शेवटची गाठ मारून झाल्यावर शकीला मॅडम म्हणाल्या, "सर, झाड का बायपास करते. खुद का नक्को?"

सर रुमालानं हात पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला.

परत आले ते वाळून, काठी टेकत. आम्ही सगळे गेटवर हार घेऊन उभे. सर आमच्याजवळून तसेच पुढं गेले, आंब्यापाशी थांबले. दोन काड्या वाळल्या होत्या, बाकीच्या फुगून जाड झाल्या होत्या. सरांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग शर्टाची वरची दोन बटणं उघडली आणि झाडाला म्हणाले,

"हे बघ, माझे टाके."