मामांची ठासणीची बंदूक

सोलापुरात निवडणूक जाहीर झाली की उमेदवारांच्याही आधी ज्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं असे गृहस्थ एकच, आमच्या हिचे मोडनिंबचे मामा. कारण मामांकडे बंदूक आहे. पणजोबांची, ठासणीची आणि रीतसर लायसनची. निवडणूक आली की लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावीत अशी नोटीस येते. मामा उभा जन्म सूतगिरणीत टाइमकीपर होते, आता जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि मामींपुढे त्यांचा आवाज निघत नाही. पण ती नोटीस हातात पडली की ते अख्ख्या सोसायटीला वाचून दाखवतात. "बगा जावईबापू, आपली बंदूक घरात असली तर सरकारला झोप लागत न्हाय." मग इस्त्रीचा सदरा, टोपी, मामींच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली बंदूक आणि रिक्षा. "हळू चालव, आत काय हाय ठावं न्हाय तुला," अशी रिक्षावाल्याला तंबी. वास्तविक ती बंदूक मामांच्या वडिलांच्या काळातसुद्धा कुणी उडालेली पाहिली नव्हती.

एरवी ती कपाटात मामींच्या साड्यांशेजारी असते. मामा तिला शिलाई मशीनचं तेल इतकं पाजतात की लग्नकार्यात मामी कुठे बसल्या आहेत ते वासावरून कळतं. मी मामांच्या घरी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी बंदूक बाहेर आली होती. माझ्या पगाराबद्दल मामांनी अवाक्षर काढलं नाही. "ही कवा घडवली असंल, सांगा बरं?" एवढाच प्रश्न. मी घाबरून "शिवकालीन" म्हणालो आणि पास झालो. गॅसवाला, विम्याचा एजंट, मामींचा रक्तदाब तपासायला आलेले डॉक्टर, सगळ्यांनी आजवर तिच्यावर मत दिलेलं आहे. चापाजवळ एक पुसट खूण आहे. मामांना त्यात सिंह दिसतो, म्हणून बंदूक विलायती. मला शेळी दिसते, पण घरच्या जावयानं असलं बोलू नये. किमतीचा विषय निघाला की मामा म्हणत, "हिची किंमत करनारा अजून जन्मायचाय." त्यावर मामी आतून, "भंगारवाला कवाच जन्मलाय की!"

मागच्या निवडणुकीला ठाण्यात नव्या हवालदार बाई आल्या होत्या. त्यांनी लुगडं उलगडलं, बंदूक खालीवर पाहिली आणि विचारलं, "काका, ही उडते तरी का? एखाद्या जाणकाराला दाखवून लेखी आणा." मामा हरखले. खुद्द सरकारला बंदुकीची किंमत जाणून घ्यायची होती! मला सोबत घेऊन ते शहरातल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेले. चाचांच्या घरात तीन पिढ्या बंदुका दुरुस्त करण्याचं काम. त्यांनी भिंग लावून पाहिलं, नळीवर नख वाजवलं आणि हळूच म्हणाले, "मामा, बुरा नक्को मानो. नली एक बंदूक की, घोडा दुसरी का, लकडी इधरीच की बाभळी. बार भरे तो सामनेवाला बचता, उडानेवाला जाता." मामांनी सिंहावर बोट ठेवलं. "वो? वो हथोडी का मार है." चाचांनी कागद दिला: जुनी, कायमची निकामी, किंमत शोभेपुरती.

बाईंनी कागद वाचला. "मग काका, ही हत्यारात धरायचं कारण नाही. जमा नको, काही नको. एक अर्ज द्या, लायसनचीही कटकट मिटेल. खुशाल भिंतीला लावा."

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मामांचा चेहरा मात्र उतरला. "मॅडम, येवढं एक विलेक्शन तरी ठिवून घ्या की. कुनाला काय कळतंय?" बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. पण त्यांनी बंदूक ठेवूनही घेतली नाही.

परतताना रिक्षात मामांनी बंदूक पुन्हा लुगड्यात नीट गुंडाळली. मग म्हणाले, "आज्जा म्हनायचा, घरात बंदूक हाय म्हनून चार मानसं आपल्याला इचारत्यात. मला आता कोन इचारनार वो?" इतकी वर्षं मी त्या बंदुकीला मनातल्या मनात हसत आलो होतो, पण तेव्हा मला गलबलून आलं. कुणीतरी आपल्याला थोडं वचकून असावं असं साध्या माणसालाही वाटत असणार, आणि मामांना वचकून असणारं सरकार सोडून दुसरं कुणी नव्हतं.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. नोटीस येणार नव्हतीच. मी मुद्दाम वाकडी वाट करून मामांकडे गेलो आणि विचारलं, "मामा, या वेळी बंदुकीचं काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते थांबले होते.

"काय करायचंय? घरीच ऱ्हानार ती," ते म्हणाले. "सरकारनं इस्वास टाकलाय आपल्यावर."

"टाकायलाच हवा, मामा," मी म्हणालो. आणि त्यात थट्टा नव्हती. विश्वास टाकावा असा त्यांच्यासारखा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.