खांबामागची जागा

माझ्या वडिलांनी अकोल्यात उभं आयुष्य फुटबॉल पाहिला, पण मैदान अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासमोर खांब होता.

ज्यांनी जुनी गॅलरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडी पायऱ्या, वर पत्र्याचं छप्पर आणि ते छप्पर तोलून धरणारे बिडाचे जाडजूड खांब. बंद पडलेल्या एका जिनिंग फॅक्टरीचे ते खांब कुण्या कापसाच्या व्यापाऱ्यानं मैदानाला दान दिले होते. गठाणींच्या शेडसाठी ओतलेले खांब ते, आणि गठाणींना काही बघायचं नसतं. मैदानाच्या एका टोकाला शाळा होती, दुसऱ्या टोकाला पाण्याची उंच टाकी. म्हणून एक गोल शाळेकडचा आणि एक टाकीकडचा. बाबांच्या जागेवरून शाळेकडचा गोल स्वच्छ दिसे. टाकीकडचा दिसतच नसे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. मूर्तिजापूरहून बदलून अकोल्याला आले, जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या आणि सामान सोडायचं आईवर टाकून पहिल्याच रविवारी सामन्याला गेले. गॅलरीत ज्याची त्याची जागा ठरलेली होती. पायरीवर नंबर नव्हते, पण दुसऱ्याच्या जागेवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर बसण्यासारखं होतं. नवख्या माणसासाठी खांबामागची तेवढी रिकामी होती. पुढे बऱ्याच जागा मोकळ्या झाल्या, पण बाबा हलले नाहीत. आता मी अमरावतीला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. ती सवय कॉलेजातच लागली असावी, कारण तेव्हा मी त्यांना कागदावर रेषा मारून दाखवलं होतं, की हातभर उजवीकडे सरकलात तर दोन्ही गोल दिसतील. त्यांनी कागद नीट पाहिला.

“तिथं त मिस्त्री बसतात,” ते म्हणाले.

मिस्त्री म्हणजे माझे चाचा. रक्ताचे नव्हेत, पायरीचे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांना नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. घरी उर्दू बोलायचे, दुकानात आणि गॅलरीत वऱ्हाडी. बाबा मोर्णा नदीच्या अलीकडच्या संघाचे, चाचा पलीकडच्या. त्या काळात एवढ्यावरून सोयरीक मोडायची, पण हे दोघं मांडीला मांडी लावून बसत, कारण टाकीकडे काय चाललंय ते बाबांना चाचांकडूनच कळे. पहिल्या दिवशी बाबांनी “काय झालं हो?” असं विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मग ते सांगतच राहिले.

चाचा खोटं कधी सांगत नसत. भेदभाव मात्र पुरेपूर करत. पलीकडच्यांनी टाकीकडे गोल मारला, की बॉल कुणाकडून आला, कुणी कुणाला हुलकावणी दिली, गोलकीपरचं तोंड कसं झालं, सगळं तपशीलवार यायचं. अलीकडच्यांनी मारला, की एकच शब्द यायचा: “झाला.” त्यामुळे बाबांना शत्रूचे सगळे गोल तोंडपाठ आणि स्वतःच्या संघाचे अर्धे नुसते आकड्यांनी माहीत. आमच्याकडे रात्री वरण-भातासोबत शत्रूचेच गोल वाढले जात. आई म्हणायची, एवढं कौतुक आहे तर पूल ओलांडून तिकडंच का राहायला जात नाही.

त्यात एक गोल असा होता, जो बाबांना आयुष्यभर पुरला. शहराच्या कपचा अंतिम सामना, समोरासमोर हेच दोन संघ, सामना संपत आलेला, आणि अलीकडच्यांनी टाकीकडे गोल मारून कप नेला. गॅलरी उठून नाचत होती. बाबा खांबावर तळहात बडवत ओरडत होते, “कसा झाला? मिस्त्री, कसा झाला?”

“झाला,” चाचा म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

त्या दिवशी पलीकडच्यांच्या गोलात चाचांचा धाकटा भाऊ उभा होता. गावानं त्याला सोडलं नाही. पानठेल्यावर, नमाजाहून येताना, जिथं दिसेल तिथं त्याला तो गोल ऐकवला. त्यानं खेळ सोडला, सुरतेला कामाला गेला आणि तिकडंच राहिला. मैदानात त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही.

बाबांना हे सगळं माहीत होतं. तरी दर मोसमात एकदा ते विचारायचेच. बाकीच्यांना विचारायची सोय होती, आणि ती माणसं मागेच लागायची. एक म्हणे हेडर होता, दुसरा म्हणे घोळात कुणाचा तरी पाय लागला, तिसरा म्हणे गोलकीपरनं हातातला सोडला. बाबा कुणाचंच धरत नसत. टाकीकडचं फक्त मिस्त्रीच्या तोंडून आलेलं खरं, असा त्यांचा कायदा होता. “माहं त्याच्या भावाबद्दल काही म्हणणं नाही,” ते मला सांगायचे. “मले फक्त गोल पाहाचा हाय.”

मग जुनी गॅलरी धोकादायक असल्याचं जाहीर झालं. ती धोकादायक आहे हे आम्हाला पत्रा पडायचा तेव्हाच कळायचं, पण आता ते सरकारी झालं होतं. जेसीबी आला. म्हातारी मंडळी रोज जाऊन उभी राहायची, कुणाच्या तरी मातीला गेल्यासारखी, मागे हात बांधून. जो तो काहीतरी घेऊन येई. एकानं गोलफलकावरचा शून्याचा पत्रा नेला. एकानं आपल्या पायरीचा दगड रिक्षात घालून नेला. त्या दगडावर आता त्यांच्याकडे कपडे धुतात. शेजारची टाकीही पाडली त्या दिवशी बाबा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन घरी आले. ते रिकाम्या हातानं आले, कारण त्यांना खांब हवा होता.

“घरात कुठं ठेवसान खांब?” आईनं विचारलं.

“टीव्हीसमोर.”

खांब भंगारात गेला. नवं स्टेडियम उभं राहीपर्यंत बाबांचे डोळेही गेले. काचबिंदू होता, आणि आपल्याला कमी दिसतंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. डावीकडचं न दिसणं त्यांना खटकलं नाही, तिकडे काही दिसायचंच नसतं अशी डोळ्यांना सवय होती. शेवटी मी त्यांना अमरावतीला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. चाचाही सोबत आले, कारण डॉक्टर काय सांगतो ते मिस्त्री नीट सांगतील, असं बाबांचं म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. आता उजेड-अंधार कळतो तेवढंच. चाचांनी ते एकही शब्द न गाळता बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “बरं.”

परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे चाचांनी मला गाडी एका ढाब्यावर घ्यायला लावली. भंगारवाला त्यांचं गिऱ्हाईक. कुठला माल कुठं गेला, ते यांनी खोदून खोदून काढलं होतं. ढाब्याच्या पुढच्या पत्र्याला टेकू देऊन एक हिरवा रंगवलेला खांब उभा होता. चाचांनी बाबांचा हात त्यावर ठेवला. बाबांनी तो खालून वर चाचपला. छातीच्या उंचीवर तुटका बोल्ट होता आणि त्याच्या जरा वर, वर्षानुवर्षं बडवून गुळगुळीत झालेली जागा. तिथं त्यांचा हात थांबला. मला रडू आलं, म्हणून मी चहा सांगायला गेले.

दोघं खांबामागे बाजेवर बसले.

“काय चालू हाय तिकडं?” बाबांनी विचारलं.

“ट्रक येऊन राह्यला. एमपीचा. टायर घासले हायेत, पण दाबून चालवून राह्यला. एसटी मागं टाकली त्यानं. एसटीवाला शिव्या देऊन राह्यला.”

“कोणता डेपो?”

“अकोट.”

“मंग देणारच.”

एवढं सुरळीत चाललं होतं, म्हणून बाबांनी पुन्हा विचारलं. “मिस्त्री, आता त सांगून टाका. थो गोल कसा झालता?”

चाचांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि प्यायला. “झाला ना भाऊ,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. चांगलाच आला. बाबा गाडीत बसले तेव्हा मी चाचांना बाजूला घेऊन म्हटलं, आता त्यांना दुसरं काय बघायला उरलंय? तुमचं काय जातंय सांगायला?

“भाऊ होता माहा,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी वारला, तिकडंच सुरतले. साऱ्या अकोल्यानं थो गोल त्याले सांगतला, पोरी. एक मीच नोयता सांगतला. त्याच्या तोंडावर नाही, अन् मांगंही नाही.” मग ते पुढच्या सीटवर बसले आणि बोरगाव येईपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या बाबांना सांगत राहिले.

नवं स्टेडियम चांगलं आहे. ते वाईट आहे असं म्हणायला मी फार कारणं शोधली. रंगीत खुर्च्या आहेत, छप्पर मागच्या बाजूनंच तोललेलं आहे, मध्ये एकही खांब नाही. उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं, की आता कुठंही बसा, सगळं दिसतं. हे बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “मले कुठंच काही दिसत नाही. खांब राहू देला असता त काय बिघडलं असतं?” आणि जायचं नाही म्हणाले. तिकडं कुणाशेजारी बसायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. चाचा स्वतः रिक्षा घेऊन दारात आले, तेव्हा मुकाट्यानं चपला घातल्या.

आत गेल्यावर पाहिलं, तर मधल्या चांगल्या खुर्च्या ओस आणि जुनी सगळी मंडळी एका कोपऱ्यात दाटीवाटीनं. जुनी गॅलरी होती ती जागा त्यांनी अंदाजानं शोधून काढली होती आणि जो तो आपापल्या पायरीवर बसला होता. बाबांची खुर्ची राखून ठेवलेली, उजवीकडे चाचांची. बाबांच्या पुढची खुर्ची मात्र कुणी घेतली नव्हती. एक नवा माणूस तिथं बसायला लागला, तर मागून दोन-तीन आवाज आले.

“ओ भाऊ, तिथं नका बसू. तिथं खांब हाय.”

त्या माणसानं खुर्ची पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि जाऊन दुसरीकडे बसला.

सामना त्याच दोन संघांचा होता. खेळाडू आता बाबा-चाचांची नातवंडं शोभतील असे. पूर्वार्धात काही झालं नाही, आणि ते काही-नाही चाचांनी इमानानं सांगितलं. उत्तरार्धात, जिथं पूर्वी टाकी होती त्या टोकाला अलीकडच्यांनी गोल केला. मी पाहिला. गोलासमोर सगळे एकमेकांत अडकले होते, बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि लोळत लोळत आत गेला. गॅलरी उठली.

“झाला?” बाबांनी विचारलं.

मी त्या एका शब्दाची वाट पाहत होते. चाचा बाबांच्या कानाकडे झुकले.

“कोपऱ्यातून आला बॉल, भाऊ. टाकीच्या बाजूनं. उंच आला. तुमच्या लांबड्यानं छातीवर घेतला, खाली नाही पडू देला, तसाच मारला डाव्या पायानं. कोणाले काही समजलंच नाही. वरच्या कोपऱ्यात जाऊन राह्यलता. गोलकीपर उडाला. इतकं कोणी उडत नाही, भाऊ, इतका उडाला थो. बोटं लागली होती त्याची. मी पाह्यलं. बोटं लागली होती.”

टाकी पाडली तेव्हा बाबा तिथं होते. तिची धूळ त्यांच्या कपड्यांतून आईनं झटकली होती. त्यांनी सवयीनं तळहात पुढे नेला, तो हवेत फिरला आणि परत गुडघ्यावर आला. चाचा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. त्यांच्या दाढीत पाणी उतरलं होतं.

“मंग त्याची त काही चूक नोयती,” बाबा म्हणाले.

“नोयती,” चाचा म्हणाले.

चाचांना दुकानापाशी सोडून मी आणि बाबा रिक्षानं घरी निघालो. बाबा पूल येईपर्यंत हात गुडघ्यावर हलकेच बडवत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय वं, आजचा गोल कसा झाला?”

“झाला,” मी म्हणाले.