तिसऱ्या भागापासून

काल पुस्तकांच्या दुकानात एक दहाएक वर्षांची मुलगी ड्रॅगनच्या मालिकेचा पहिला भाग छातीशी धरून उभी होती. तिचे बाबा म्हणाले, "अगं, सात भाग आहेत याचे! एखादं सुटं पुस्तक घे ना."

"बाबा, सात आहेत म्हणून तर!"

मला इतकं हसू आलं! आणि लगेच हेवाही वाटला. लहानपणी आमच्या वाचनालयात पहिले दोन भाग कायम कुणीतरी नेलेले असायचे, म्हणून मी जादूगारांची मालिका थेट तिसऱ्यापासून सुरू केली. आधी काय झालं असेल ते मी आणि बहीण जेवताना रचायचो. राजा आंधळा कसा झाला? ती म्हणायची शापाने, मी म्हणायचे निळ्या जंगलात हरवून. केवढी भांडायचो! कॉलेजात खरा पहिला भाग मिळाला. मस्त होता, पण त्यात आमचं जंगलच नव्हतं. ते आता कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

मला हसताना बघून मुलीने विचारलं, "ताई, पहिल्यापासूनच वाचायचं ना?"

मी म्हटलं, "हो, अगदी!" पण खरं सांगू? तिच्या हातातला पहिला काढून घेऊन तिसरा द्यावासा वाटत होता.