अर्धी बादली

उरणजवळच्या गावात चांगदेव भाड्याची गाडी चालवतो. कंटेनरच्या ट्रकांची धूळ रोज तिच्यावर बसते, पण ती धुवायला त्याला अर्धी बादली पाणी पुरतं. कोरडी धूळ घासली की रंगावर ओरखडे उठतात, म्हणून तो ओलं फडकं आधी टपावर नुसतं पसरून ठेवतो. धूळ भिजली की हलक्या हातानं वरून खाली पुसतो आणि दर खेपेला फडक्याची घडी उलटून स्वच्छ बाजू घेतो.

ही सवय त्याला बायकोचे, कमळचे कष्ट बघून लागली. गावाशेजारच्या मिठागरात खारं पाणी गुडघाभर होतं, पण घरात लागणारं गोडं पाणी कमळनं उभा जन्म लांबच्या विहिरीवरून डोक्यावर वाहिलं. मान कायमची धरली, तरी हंडा सुटला नाही. गेल्या वर्षी ती गेली आणि यंदा दारात नळ आला.

पुतण्या परेश पाइप घेऊनच आला. "काका, आता धो-धो पाणी हाय. मारा फवारा!"

चांगदेवनं बादली अर्धी भरताच नळ करकचून बंद केला.

"तिनं आणलेलं पाणी मी कधी सांडलं न्हाय," तो कडाडला. "आता तिची मान दुखायची न्हाय, म्हणून सांडू व्हय?"